चिंचोका, खळ आणि गिरणगाव : एका वनस्पतिज बहुशर्करेच्या नामांतराचा इतिहास

प्रस्तावना

मुंबईच्या गिरणगावावर आजवर विपुल लेखन झाले आहे. राजनारायण चंदावरकर यांनी भांडवल व श्रम यांच्या संबंधांचा सखोल अभ्यास केला. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगारांच्या मौखिक कथनांतून लालबाग-परळचे सामाजिक चित्र उभे केले. संप, युनियन, चाळ, खानावळ, कलापथके या साऱ्यांची नोंद त्यामुळे झाली. तथापि गिरणीत प्रत्यक्ष काय शिजत होते, सुतावर कोणता पदार्थ चढत होता आणि त्या पदार्थाविषयीचे ज्ञान कोठून आले, हा प्रश्न इतिहासलेखनात बहुधा उपेक्षितच राहिला आहे. कापडाच्या इतिहासात कापूस दिसतो, यंत्र दिसते, कामगार दिसतो. पण खळ दिसत नाही. याचे कारण उघड आहे. विणून झाल्यावर खळ धुऊन टाकावयाची असते. धुऊन जाण्यासाठीच जी वस्तू वापरली जाते तिचा इतिहास लिहिण्याची निकड सहसा कोणास वाटत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका पदार्थाचा, म्हणजे चिंचोक्यातील बहुशर्करेचा मागोवा घेतला आहे. या एका पदार्थाला सुमारे सव्वाशे वर्षांत चार नावे मिळाली : अमायलॉइड, पेक्टिन, जेलोज आणि झायलोग्लुकन. प्रत्येक नावामागे त्या काळचे निरीक्षण होते, गरज होती आणि काही प्रमाणात बाजारपेठही होती. यांपैकी ‘पेक्टिन’ हे नाव टिकले नाही आणि ते का टिकले नाही याचा उलगडा करणाऱ्या संशोधनात मुंबईच्या एका प्रयोगशाळेचा वाटा आहे. वनस्पतींतील पेक्टिनवर्गीय बहुशर्करांची रचना हा रसायनशास्त्राचा विषय असला, तरी तो मुंबईच्या सामाजिक व औद्योगिक इतिहासाशी कसा जोडला गेला, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. चिंच आणि पेक्टिनचा जन्म

पेक्टिनच्या इतिहासाचा आरंभच चिंचेपासून होतो, ही गोष्ट फारशी परिचित नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होकलँ याने १७९० मध्ये चिंचेच्या गराचे पृथक्करण केले, तेव्हा त्याला त्यात पाण्यात विरघळणारा व थंड झाल्यावर थिजणारा एक पदार्थ आढळला. या पदार्थाला नाव मिळाले ते १८२५ मध्ये. आंरी ब्राकोनो याने अनेक फळांमध्ये व कंदांमध्ये तोच पदार्थ असल्याचे दाखविले आणि ‘घट्ट होणे, थिजणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण केले. पेक्टिन हे नाव रचनेवरून नव्हे, तर गुणावरून पडले. जे थिजते ते पेक्टिन, अशी ही मूळ व्याख्या होती. पुढील संपूर्ण घोटाळ्याचे बीज या व्याख्येत आहे.

पेक्टिनचा मुख्य घटक कोणता, हे कळण्यास आणखी जवळजवळ शतक जावे लागले. १९१७ मध्ये फेलिक्स एर्लिक याने पेक्टिनमध्ये गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल असल्याचे दाखविले. म्हणजे पेक्टिन ही निव्वळ शर्करांची साखळी नसून आम्लधर्मी एककांची साखळी आहे, हे स्पष्ट झाले. यानंतर पेक्टिनची ओळख गुणावरून न करता घटकावरून करणे शक्य झाले. परंतु शक्य होणे आणि रूढ होणे यांत अंतर असते. व्यापारात व पाकशास्त्रात ‘जे थिजते ते पेक्टिन’ हाच संकेत चालू राहिला.

२. निळा रंग आणि ‘अमायलॉइड’

व्होकलँने तपासला तो चिंचेचा गर. चिंचेच्या बियांकडे, म्हणजे चिंचोक्यांकडे, शास्त्रज्ञांचे लक्ष निराळ्या वाटेने गेले. १८३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील फोगेल आणि श्लायडेन यांना काही बियांच्या पेशीभित्ती आयोडिनने निळ्या होतात, असे आढळले. या बियांत चिंचोकाही होता. आयोडिनने निळे होणे हा स्टार्चचा ओळखीचा गुण. म्हणून त्यांनी या पदार्थास ‘अमायलॉइड’, म्हणजे स्टार्चसदृश, असे म्हटले.

येथेही नाव गुणावरूनच पडले. स्टार्च पेशीच्या आत कणांच्या रूपात साठतो. हा पदार्थ मात्र पेशीभित्तीतच साठलेला होता. रंग सारखा असला तरी जागा वेगळी होती. या भेदाचा अर्थ उलगडण्यास १९६०चे दशक उजाडावे लागले.

३. गिरण्या आणि खळीचा प्रश्न

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली ताडदेवची ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ ही मुंबईतील पहिली कापड गिरणी होय. तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या काही दशकांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर हा पट्टा गिरण्यांनी व्यापला. प्रारंभी या गिरण्यांचा भर सूतकताईवर व सुताच्या निर्यातीवर होता. पुढे विणाईचे प्रमाण वाढत गेले. विणाई वाढली तशी खळीची गरजही वाढली.

मागावर ताण्याचे धागे सतत ताणले जातात, फणीतून व वहीतून घासले जातात. खळ न लावलेले सुती धागे या घर्षणाने पिंजून तुटतात. एक धागा तुटला की साचा थांबतो. साचा थांबला की उत्पादन घटते व उक्त्या कामावरील साचेवाल्याची मजुरीही बुडते. म्हणून ताण्याचे सूत साचाखात्यात जाण्यापूर्वी सायझिंग खात्यात उकळत्या खळीच्या पेटीतून काढले जाई आणि वाफेने तापविलेल्या पिंपांवर वाळविले जाई. खळ पातळ झाली तर सूत तुटते, दाट झाली तर ते कडक होऊन मोडते. खळ किती शिजली, किती दाट झाली हे ओळखणारा फ्रंट सायझर व त्याला साथ देणारा बॅक सायझर हे गिरणीतील कुशल कामगार गणले जात.

या खळीत मका, गहू, साबुदाणा, टॅपिओका अथवा बटाटा यांचा स्टार्च, चरबी, चिनी माती आणि आर्द्रता धरून ठेवणारे क्षार असत. यांपैकी बराच माल परदेशांतून येई. लँकेशायरमधील रूढ पद्धती, तेथील पाककृती आणि तेथील मालाची नावे यांच्यासह सायझिंगचे तंत्र मुंबईत आले. कापूस येथला आणि मजूर येथला असला तरी खळ मात्र बाहेरची होती, हे चित्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोठ्या प्रमाणात कायम राहिले.

४. खळीची देशी परंपरा

ज्या काळात गिरण्या आयात स्टार्चवर चालत होत्या, त्याच काळात महाराष्ट्रात चिंचोक्याची खळ अनेक हस्तव्यवसायांत रूढ होती. घोंगडी विणणारे सनगर व धनगर कारागीर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देत आले आहेत. चिंचोके भाजून, फोडून, त्यांचे टरफल काढावयाचे, आतील पांढरा गर भिजवून वाटावयाचा, उकळून त्याची लापशी करावयाची व ती कुंच्याने सुतावर चढवावयाची, अशी ही पद्धत आहे. सावंतवाडीच्या गंजिफा बनविताना कापडाचे थर ताठ करण्यासाठी चिंचोक्याची खळ वापरली जाते. दुष्काळात भाजलेले चिंचोके दळून खाल्ले जात, आणि एरवी एकी-बेकीच्या खेळापासून सारीपाटाच्या दानापर्यंत मराठी घरांत चिंचोका हाताशी असे. त्याला मोल नव्हते, म्हणूनच ‘चिंचोक्याच्या मोलाने’ असे आपण म्हणतो.

गिरणगावातील कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून प्रामुख्याने आले. त्यांतील घाटावरच्या अनेकांना घोंगडीची खळ परिचित असावी, असे अनुमान करण्यास हरकत नाही. मात्र गिरणीच्या सायझिंग खात्यात या ज्ञानास स्थान नव्हते. तंत्र ठरविण्याचा अधिकार यंत्राबरोबर आलेल्या सायझिंग मास्तरांकडे होता. एकाच माणसाला गावी एका खळीचे ज्ञान होते आणि शहरात दुसऱ्याच खळीची मजुरी होती. ही फारकत गिरणगावच्या इतिहासाकडे पाहताना ध्यानात घेण्याजोगी आहे.

५. युद्धकाळ : धान्य की खळ?

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती बदलली. समुद्रमार्गे येणारा स्टार्च अनिश्चित झाला. लष्कराच्या कापडाची मागणी वाढल्याने गिरण्यांचे काम मात्र वाढले. त्यातच १९४३ हे वर्ष बंगालच्या भीषण दुष्काळाचे. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या शहरात खाण्याजोगे धान्य सुतावर चढविण्यासाठी शिजविणे हा केवळ खर्चाचा प्रश्न उरला नाही, तर तो नैतिक प्रश्नही झाला.

या पार्श्वभूमीवर चिंचोक्याचे पीठ पुढे आले. १९४२ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील टी. पी. घोष व एस. कृष्ण यांनी चिंचोका हा व्यापारी पेक्टिनचा मोलाचा स्रोत असल्याचे प्रतिपादन केले. टरफल काढलेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के थिजणारा पदार्थ असतो, असे त्यांनी नोंदविले. १९४३ पासून भारतातील कापड गिरण्यांत सुती धाग्याच्या खळीसाठी स्टार्चच्या जागी वापरावयाचे म्हणून चिंचोक्याच्या पिठाचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ‘टॅमरिंड कर्नल पावडर’ या नावाने, आणि त्याहूनही अधिक ‘टीकेपी’ या तीन अक्षरांनी, हा माल व्यापारात ओळखला जाऊ लागला.

सनगराची खळ अशा रीतीने गिरणीत पोहोचली. मात्र ती वन संशोधन संस्था, शोधनिबंध आणि कारखानदार असा वळसा घेऊन पोहोचली. दुष्काळाच्या वर्षात चिंचोक्याने सायझिंग खात्यातील काही धान्याचा भार उचलला, ही या इतिहासातील महत्त्वाची बाब होय.

६. माटुंग्याची प्रयोगशाळा

चिंचोक्यातील पदार्थाला घोष व कृष्ण यांनी पेक्टिन म्हटले ते तो थिजतो म्हणून. त्या वेळी फळांच्या जेली व मुरंब्यासाठी लागणारे पेक्टिन परदेशातून येत असल्याने हे नाव व्यापारी दृष्ट्याही आकर्षक होते. तथापि नाव बरोबर आहे का, या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यांत मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातील संशोधकही होते.

हा विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. त्याच्या स्थापनेमागे मुंबईच्या कापडधंद्याची रसायनविषयक गरज हे प्रमुख कारण होते आणि वस्त्ररसायन हा त्याच्या आद्य अभ्यासक्रमांपैकी एक होता. प्रारंभी फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतीत असलेला हा विभाग १९४३ मध्ये माटुंग्याच्या स्वतंत्र वास्तूत आला. ज्या वर्षी चिंचोक्याचे पीठ बाजारात आले, त्याच वर्षी हा विभाग गिरणगावच्या सीमेवर आला, हा योगायोग होय. पण परळ व दादर ओलांडले की माटुंगा, हे सान्निध्य निव्वळ योगायोग नव्हते. शेजारीच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि १९२४ मध्ये स्थापन झालेली कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा होती. गिरण्यांच्या उत्तरेस, गिरण्यांच्या गरजेतून, ज्ञानसंस्थांची एक पट्टी तयार झाली होती.

या विभागातील जी. आर. सवूर व ए. श्रीनिवासन यांनी चिंचोक्यातील बहुशर्करा वेगळी करून तिचे गुणधर्म निश्चित केले. त्यांचा शोधनिबंध १९४८ मध्ये अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डेहराडून व मुंबई येथील या दशकातील कामांतून एक गोष्ट निर्विवाद झाली. चिंचोक्यातील बहुशर्करेचे जलविघटन केले असता ग्लुकोज, झायलोज व गॅलॅक्टोज या तीन शर्करा मिळतात. पेक्टिनचा कणा असलेले गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल तिच्या रचनेत नाही आणि पेक्टिनचे लक्षण मानले जाणारे मेथॉक्सिल गटही नाहीत. म्हणजे हा पदार्थ पेक्टिनसारखा वागतो, परंतु पेक्टिन नाही.

पी. एस. राव यांनी १९४८ मध्ये त्यासाठी ‘जेलोज’ हे नाव सुचविले. थिजण्याचा गुण आणि शर्करावर्गीय स्वरूप या दोन्ही गोष्टी या नावात आल्या. पेक्टिन हे चुकीचे नाव सोडण्याच्या दिशेने ही पहिली पायरी होती.

७. रचना आणि संरूपण : दोन बहुशर्करांतील भेद

हा भेद नीट समजण्यासाठी दोन्ही पदार्थांची रचना शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे. बहुशर्करा म्हणजे शर्करांच्या लहान एककांची लांब साखळी. तिच्या बाबतीत तीन प्रश्न विचारावे लागतात : कडी कोणती, दोन कड्यांमधील जोड कोणता आणि त्या जोडामुळे साखळी अवकाशात कोणता आकार घेते. या तिसऱ्या गोष्टीस संरूपण म्हणतात.

पेक्टिनच्या मुख्य भागात गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाची एकके अल्फा १-४ बंधांनी जोडलेली असतात. त्यांपैकी काही आम्लगटांवर मेथिल गट बसलेले असतात. जोडाच्या विशिष्ट कोनामुळे ही साखळी सपाट राहत नाही, ती पीळ घेते. या सरळ भागांखेरीज पेक्टिनमध्ये ऱ्हॅम्नोज शर्करा मधूनमधून असलेले आणि अनेक फांद्या फुटलेले भागही असतात. मेथिल गट पुष्कळ असतील तर पेक्टिनला थिजण्यासाठी भरपूर साखर व आम्ल दोन्ही लागतात; साधारणतः ५५ टक्क्यांहून अधिक साखर व आंबटपणा नसेल तर जेली जमत नाही. मेथिल गट कमी असतील तर कॅल्शियम पुरते. १९७३ मध्ये ग्रँट, मॉरिस, रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी ‘अंड्यांच्या खोक्याचे’ प्रसिद्ध प्रारूप मांडले. समोरासमोर आलेल्या दोन पेक्टिन-साखळ्यांच्या खळग्यांत कॅल्शियमचे कण अंड्यांसारखे बसतात व साखळ्या परस्परांत गुंततात, असे हे प्रारूप सांगते. या सर्व वर्तनाच्या मुळाशी साखळीवरील आम्लगट आहेत.

चिंचोक्यातील बहुशर्करेची गोष्ट अगदी वेगळी आहे. तिच्या रचनेवर १९५३ मध्ये व्हाइट व राव यांनी आणि १९६१ मध्ये हॉलंडमधील कूइमान याने महत्त्वाचे काम केले. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेतील श्रीवास्तव व सिंग यांनी १९६७ मध्ये याच रचनेवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कापडधंदा आणि हे रसायन यांचे नाते तोवर टिकून होते, याचा हा पुरावा होय. या कामांतून उभे राहिलेले चित्र असे : तिचा कणा ग्लुकोजच्या एककांचा असून ती बीटा १-४ बंधांनी जोडलेली आहेत. त्यांतील बहुतेक एककांवर झायलोजच्या लहान फांद्या आहेत आणि काही झायलोजवर पुढे गॅलॅक्टोज आहे. गॅलॅक्टोज, झायलोज व ग्लुकोज यांचे प्रमाण ढोबळमानाने १:२:३ मानले जाई. १९९१ मध्ये गिडली व सहकाऱ्यांनी ते अधिक काटेकोरपणे ग्लुकोज २.८, झायलोज २.२५ व गॅलॅक्टोज १ असे दिले. या रचनेवरून पदार्थाचे चौथे व आजचे नाव आले : झायलोग्लुकन.

बीटा १-४ बंधांनी जोडलेली ग्लुकोजची साखळी म्हणजेच सेल्युलोजचा कणा. ही साखळी पीळ न घेता सपाट पट्टीसारखी पसरते. सेल्युलोजमध्ये अशा पट्ट्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की पाणी आत शिरू शकत नाही. चिंचोक्यात झायलोज व गॅलॅक्टोजच्या फांद्या या पट्ट्यांना परस्परांपासून दूर ठेवतात, म्हणून ती पाण्यात पसरते व दाट लापशी बनते. फांद्यांवरील गॅलॅक्टोज विकराने पुरेसे काढून टाकले असता ही लापशी केवळ उष्णतेने थिजू लागते, असे जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखविले. फांद्या कमी झाल्या की पट्ट्या एकमेकींजवळ येतात, असा याचा अर्थ आहे. एरवी साखरेच्या सान्निध्यात ती थिजते, पण तिला आम्लाची गरज नसते. आम्लगटच नसल्याने आंबटपणाशी तिचे सोयरसुतक नाही. पेक्टिनची जेली दीर्घकाळ उकळल्यास कमकुवत होते. ही बहुशर्करा तटस्थ पाण्यात उकळूनही टिकते.

‘पेक्टिन’ हे नाव चुकीचे ठरले ते येथे. थिजणे हा एक परिणाम; त्याची कारणे दोन निरनिराळ्या रचनांत निरनिराळी असू शकतात. मात्र वनस्पतीत या दोहोंचे शेजार आहे. १९७३ मध्ये अल्बर्सहाइम व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीभित्तीचे जे प्रारूप मांडले, त्यात सेल्युलोजच्या तंतूंभोवती झायलोग्लुकन आणि त्याबाहेर पेक्टिन अशी परस्परसंबद्ध मांडणी कल्पिली होती. नंतरच्या संशोधनाने या प्रारूपात पुष्कळ बदल केले. तरी झायलोग्लुकन सेल्युलोजला चिकटते, ही त्यातील मूलभूत गोष्ट कायम राहिली आहे.

८. रचनेचा सायझिंग खात्यातील अर्थ

कापसाचे सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यावर चढविलेली चिंचोक्याची खळ ही सेल्युलोजचाच कणा असलेली बहुशर्करा. वनस्पतीच्या पेशीभित्तीत जे आकर्षण काम करते, तेच लालबागच्या सायझिंग यंत्रात ताण्याच्या धाग्यावर काम करीत होते, असे म्हणता येईल. घोंगडीच्या बाबतीत मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही, कारण लोकर सेल्युलोज नाही; तेथे धाग्याभोवती बनणारा चिवट पापुद्राच उपयोगी पडतो. एकाच खळीच्या दोन यशांची कारणे दोन आहेत, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

रचनेचा दुसरा परिणाम गैरसोयीचा होता. विणून झालेल्या कापडावरील स्टार्चची खळ काढण्यासाठी स्टार्च तोडणारी विकरे वापरली जातात. ही विकरे अल्फा १-४ बंध तोडतात. चिंचोक्याच्या बीटा १-४ बंधांवर त्यांचा परिणाम होत नाही. आयोडिनची कसोटी मात्र दोन्ही ठिकाणी निळी येऊ शकते. ‘अमायलॉइड’ या पहिल्या नावावर विसंबून जो कोणी चिंचोक्याची खळ स्टार्चप्रमाणे काढू पाहील त्याची फसगत ठरलेली. नाव आणि रचना यांतील अंतराची किंमत ब्लीचिंग खात्यात मोजावी लागे. शिवाय टरफलाचे अंश राहिल्यास पिठाला तपकिरी छटा येई, आणि पिठातील प्रथिने व स्निग्धांश यांमुळे खळ शिळी होऊन बुरशी धरण्याचा धोका असे. म्हणून चिंचोक्याच्या पिठाने स्टार्चला पूर्णतः हद्दपार केले नाही. गिरणीत ते स्टार्चच्या बरोबरीने आणि गरजेनुसार नांदले.

हे सारे बारकावे कोणास ठाऊक होते? प्रयोगशाळेला रचना ठाऊक होती. खळ किती वेळ उकळावी, पावसाळ्यात ती किती पातळ ठेवावी, कोणत्या पिठाला वास लवकर येतो, हे मात्र सायझरला ठाऊक होते. पहिल्या ज्ञानाचे शोधनिबंध झाले व ते जगभरच्या ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. दुसरे ज्ञान बहुतांशी हाताच्या सवयीत व तोंडी सूचनांतच राहिले.

९. गिरण्यांनंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने व तिच्यातील २००१च्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनींचे स्वरूप पालटले. सायझिंग यंत्रे भंगारात गेली आणि त्यांच्याबरोबर खळीच्या नोंदवह्याही बऱ्याच अंशी नाहीशा झाल्या असाव्यात.

पदार्थ मात्र संपला नाही. जपानमध्ये शुद्ध केलेली चिंचोक्याची बहुशर्करा १९६०च्या दशकापासून खाद्यपदार्थांना दाटपणा आणण्यासाठी वापरली जाते. डोळ्यांच्या कोरडेपणावरील थेंबांतही तिचा उपयोग होऊ लागला आहे. औषधांच्या गोळ्यांतून औषध हळूहळू सुटावे यासाठी तिच्यावर भारतात व अन्यत्र संशोधन चालू आहे. माटुंग्याचा विभागही वाढत गेला. २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून तो आता ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ म्हणून ओळखला जातो. ज्या उद्योगाच्या गरजेतून ही प्रयोगशाळा जन्मली तो उद्योग तिच्या परिसरातून गेला. प्रयोगशाळा राहिली, पदार्थ राहिला, निबंध राहिले. उरला नाही तो खळ शिजविणारा.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात.

पहिला, शास्त्रीय नाव हे तटस्थ नसते. अमायलॉइड हे नाव सूक्ष्मदर्शकाखालील रंगातून आले, पेक्टिन हे युद्धकालीन बाजाराच्या अपेक्षेतून, जेलोज हे दुरुस्तीच्या प्रयत्नातून आणि झायलोग्लुकन हे रचनेच्या निश्चितीतून. गुणावरून दिलेले नाव रचनेवरून दिलेल्या नावापुढे टिकले नाही, हा रसायनशास्त्राचा धडा इतिहासाच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे. वर्तन सारखे दिसले म्हणून कारण सारखे मानणे हा दोष सामाजिक शास्त्रांतही कमी घडत नाही.

दुसरा, मुंबईच्या औद्योगिक इतिहासात देशी तंत्रज्ञान आणि आधुनिक विज्ञान यांचे नाते सरळ रेषेचे नाही. चिंचोक्याची खळ महाराष्ट्रातील कारागिरांना आधीपासून ठाऊक होती. तरीही ती गिरणीत येण्यासाठी महायुद्ध, दुष्काळ आणि शोधनिबंध यांची गरज पडली. सवूर व श्रीनिवासन यांच्या कार्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. उलट, ज्या वस्तूला आपण कवडीमोल मानतो तिचे काटेकोर पृथक्करण करून जगापुढे ठेवण्याचे काम त्यांनी केले, हे त्यातून अधिक ठसते. मात्र या कार्याच्या आधीचे आणि बरोबरीचे जे ज्ञान होते, त्याची नोंद घेतल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

तिसरा निष्कर्ष कर्तव्याचा आहे. १९८२च्या संपाच्या वेळी पंचविशीत असलेला सायझर आज सत्तरीच्या आसपास आहे. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याची योजना महानगरपालिकेने हाती घेतली. अशा संग्रहालयात साचे व चात्या ठेवल्या जातील हे स्वाभाविक आहे. परंतु खळीची पाककृती, तिच्या नोंदवह्या आणि ती शिजविणाऱ्यांची कथने यांनाही त्यात जागा मिळावयास हवी. लालबाग, परळ, दादर व गिरगाव येथील महाविद्यालयांतील इतिहास, रसायनशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन हे मौखिक संकलन हाती घेतल्यास ते खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय संशोधन ठरेल. खळ धुऊन जाण्यासाठीच असते. तिचे ज्ञानही तिच्याबरोबर धुऊन जाऊ द्यावयाचे किंवा कसे, हे ठरविण्यास अद्याप थोडा अवधी आहे.